टी.व्ही. घरात आला, गिऱ्हाईक दुकानातून गेले

टी.व्ही. घरात असावा की नसावा, या प्रश्नावर आमच्या समाजात जेवढा वाद झाला, तेवढा क्वचितच दुसऱ्या एखाद्या वस्तूवर झाला असेल. तो मशिदीबाहेरच्या ओट्यावर झाला, लग्नाच्या बैठकीत झाला, सासरा आणि जावई यांच्यात झाला. कोणी संच घेतला आणि त्यावर पडदा टाकून ठेवला, कोणी पाहुणे आले की तो आतल्या खोलीत सरकवला, कोणी शेवटपर्यंत घेतलाच नाही. उलमांनी या बाबतीत जे सांगितले ते त्यांचे क्षेत्र आहे. त्यात आम्ही शिरू इच्छित नाही. हे पान धंद्याचे आहे, आणि धंद्याच्या दृष्टीने आमची तक्रार वेगळीच आहे. टी.व्ही.ने आपल्या घराचे काय केले, याची चर्चा आपण चाळीस वर्षे केली. टी.व्ही.ने आपल्या दुकानाचे काय केले, याचा हिशेब मात्र एकदाही मांडला नाही. यात इतरांना दोष देऊन आम्ही नामानिराळे होत नाही. आम्हीही तो मांडला नाही.

हा हिशेब आताच का? कारण टी.व्ही.चा जमाना ओसरू लागला आहे. २०२४ साली देशात डिजिटल माध्यमांची उलाढाल टी.व्ही.पेक्षा मोठी झाली, असे या उद्योगाचेच अहवाल सांगतात. जाहिरातीचा पैसा पडद्यावरून हातातल्या फोनकडे चालला आहे. आणि आमच्या बैठकांत पुन्हा तसाच वाद सुरू आहे : मोबाइल मुलांच्या हाती द्यावा की न द्यावा? वाद रास्त आहे. पण दुकानाचा हिशेब याही वेळी कोणी मांडणार नसेल, तर मागची चूक आपण दुसऱ्यांदा करणार आहोत.

पैसा कोण देतो?

कोणत्याही धंद्यात पहिला प्रश्न हाच असतो की पैसा कोण देतो. टी.व्ही.च्या धंद्यात जगाने याची दोन उत्तरे काढली. इंग्लंडमध्ये बी.बी.सी.ने १९३६ साली नियमित टी.व्ही. सुरू केला. १ सप्टेंबर १९३९ रोजी महायुद्धाच्या तोंडावर तो बंद झाला आणि ७ जून १९४६ रोजी पुन्हा सुरू झाला. तेथे बी.बी.सी.वर जाहिरात नाही, टी.व्ही. पाहणाऱ्या घराने वर्षाचा परवाना काढायचा. म्हणजे पाहणाराच पैसे देतो. अमेरिकेने दुसरा मार्ग धरला. तेथे पैसे जाहिरातदार देतो. १ जुलै १९४१ रोजी न्यूयॉर्कमध्ये पहिली अधिकृत टी.व्ही. जाहिरात दाखवली गेली, ती बुलोव्हा कंपनीच्या घड्याळाची. युद्ध संपल्यावर तेथे टी.व्ही. असा पसरला की १९६० पर्यंत दहापैकी जवळजवळ नऊ घरांत तो जाऊन बसला. जपानमध्ये १९५३ साली सार्वजनिक एन.एच.के. आणि खासगी निप्पॉन टी.व्ही. एकाच वर्षी सुरू झाले, आणि तेथील पहिली जाहिरातही घड्याळाचीच, सेइकोशा कंपनीची. आमच्या घड्याळसाज बंधूंनी हे ध्यानात घ्यावे की टी.व्ही.ची वेळ सर्वांत आधी ओळखली ती घड्याळवाल्यांनी. शेवटी इंग्लंडनेही २२ सप्टेंबर १९५५ रोजी खासगी वाहिनीला दार उघडले, आणि तिच्यावरची पहिली जाहिरात होती टूथपेस्टची.

आता जाहिरातदार पैसे कोठून आणतो? तो काही घरातून आणत नाही. साबणाच्या वडीत, बिस्किटाच्या पुड्यात, चहाच्या पाकिटात तो ते मिसळतो. म्हणजे ज्याला आपण फुकटचा टी.व्ही. म्हणतो, त्याची वर्गणी किराणा दुकानात भरली जाते. आणि ती सगळेच भरतात. ज्याने दीनाचा विचार करून आयुष्यभर टी.व्ही. घरात आणला नाही, तोही साबण घेताना टी.व्ही.चे पैसे देतो. ही साधी गोष्ट आपल्या वादात कधी आलीच नाही.

परभणीपर्यंतचा प्रवास

भारतात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत युनेस्कोच्या मदतीने प्रायोगिक टी.व्ही. सुरू झाला. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले. परभणीच्या व्यापाऱ्याला तो तेव्हा मुंबईला माल आणायला गेल्यावरच दिसायचा. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत टी.व्ही. दाखवण्याचा मोठा प्रयोग झाला. जुन्या हैदराबाद राज्यातील आपले भावंड जिल्हे, गुलबर्गा आणि रायचूर, त्यात होते. महाराष्ट्र नव्हता. मराठवाड्याच्या वाट्याला रेडिओच राहिला.

याच काळात एक गोष्ट घडली, तिच्याकडे आपले लक्ष गेले नाही. १ जानेवारी १९७६ पासून सरकारी टी.व्ही.वर जाहिराती घेण्यास सुरुवात झाली. त्याच वर्षी १ एप्रिलला टी.व्ही. आकाशवाणीपासून वेगळा होऊन दूरदर्शन झाला. म्हणजे आपल्याकडे टी.व्ही. येण्याच्या आधीच त्यातून जाहिरात येण्याची सोय झालेली होती. सुरुवातीला पोस्टातून परवाना काढावा लागे. १९८०च्या दशकात ती भानगडही संपली आणि सरकारी दूरदर्शनही सरकारी अनुदान व जाहिरात यांवर चालू लागले. इंग्लंडचे नाव घेऊन निघालेली गाडी अमेरिकेच्या रुळावर गेली.

१५ ऑगस्ट १९८२ रोजी राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत चित्र आले, त्याच वर्षी दिल्लीला आशियाई खेळ झाले. १९८३ साली इन्सॅट-१बी उपग्रह वर गेला. १९८४ साली तर काही महिने देशात सरासरी रोज एक प्रक्षेपण केंद्र उघडत होते. आपल्या भागात उंच बांबूवर अँटेना बांधून अंबाजोगाईच्या मोठ्या केंद्राकडे तोंड करण्याचे दिवस अनेकांना आठवत असतील. ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' ही मालिका सुरू झाली आणि तिच्याबरोबर तिची प्रायोजक मॅगी ही दोन मिनिटांत शिजणारी शेवई घराघरांत पोहोचली. जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झाले, आणि रविवारी सकाळी तेवढ्या वेळेपुरता बाजार ओस पडू लागला. १९९१ साली स्टार टी.व्ही. आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टी.व्ही. आल्यावर केबलचे युग आले. मराठीत १९९९ साली अल्फा, २००० साली ई टीव्ही मराठी, आणि उर्दूत १५ ऑगस्ट २००१ रोजी हैदराबादहून ई टीव्ही उर्दू. १९७५ साली ज्या भागाला एकही चित्र दिसत नव्हते, तेथे पंचवीस वर्षांत मध्यरात्रीपर्यंत दुकान उघडे राहिले. ते दुकान मात्र आपले नव्हते.

आपल्याला काय मिळाले

हिशेब मांडायचा तर जमा बाजूही प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. टी.व्ही.ने आपल्या पोरांना रोजी दिली. ज्या घरांत शिकून नोकरी मिळण्याची आशा नव्हती, तेथील मुलगा एखाद्या उस्तादाच्या हाताखाली बसला, सोल्डरिंग शिकला, कंडेन्सर आणि एल.ओ.टी. बदलू लागला, आणि दोन वर्षांत त्याने स्वतःची टपरी टाकली. ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून अँटेना बनवणे, बूस्टर बसवणे, वादळानंतर वाकलेले अँटेना सरळ करणे, हे सगळे हाताचे काम होते, आणि हाताच्या कामात आपली माणसे मागे नसतात. सच्चर समितीने २००६ साली नोंदवले की देशातील काम करणाऱ्या मुसलमानांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वयंरोजगारावर जगतात. टी.व्ही.ची दुरुस्ती हा अशा समाजासाठी तयार होऊन आलेला धंदा होता.

पुढे केबल आली. छतावर मोठी थाळी, खोलीत दोन-चार यंत्रे आणि गल्लीत वायर. मुख्य पोस्ट ऑफिसात नोंदणी करण्याचा नियम १९९५च्या केबल कायद्याने आला. मोहल्ल्यात केबल चालवणारी बरीच मुले आपलीच होती. मनियार बंधूंनी मालिकेतल्या पात्रांच्या नावाने बांगड्या विकल्या, शिंपीकाम करणाऱ्यांकडे बायका पडद्यावर पाहिलेल्या पोशाखाचे नमुने घेऊन आल्या. उरुसाच्या दिवसांत हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याच्या परिसरात जी दुकाने लागतात, त्यांत टी.व्ही.ने आणलेली फॅशन दरवर्षी दिसत गेली. हे सगळे जमा बाजूला आहे.

संच बनवण्याचा धंदाही आपल्यापासून फार दूर नव्हता. हैदराबादच्या ई.सी.आय.एल. या सरकारी कंपनीचे ई.सी. टी.व्ही. रेल्वेने आपल्याकडे येत. औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) चितेगावला धूत कुटुंबाचा व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला, आणि मराठवाड्यात बनलेला संच देशभर गेला.

आणि काय गेले

आता खर्चाची बाजू. ती एकदम दिसत नाही, कारण टी.व्ही.मुळे अमुक दुकान अमुक तारखेला बंद पडले असे कोणी सांगू शकत नाही. गिऱ्हाईक एके दिवशी उठून जात नाही. आधी त्याची जीभ बदलते. तो 'बिस्किट द्या' म्हणत नाही, नाव घेऊन मागतो. 'साबण द्या' म्हणत नाही, नाव घेऊन मागतो. ज्या दिवशी गिऱ्हाईक वस्तूऐवजी नाव मागू लागले, त्या दिवशी बिननावाचा माल बनवणारा कारागीर अर्धा बाहेर पडला.

आपला माल बहुतेक बिननावाचाच. भट्टीतली नानकटाई आणि खारी, गोटीच्या बाटलीतला सोडा, दंतमंजन, अत्तराच्या कुप्या, पिंजाऱ्याने घरी येऊन पिंजलेली गादी. गुणाने यातली कोणतीही वस्तू हलकी नव्हती. परभणी, मानवत, सेलू हा तर कापसाचा मुलूख. येथे गादी कापसाचीच असायची. आमच्या ओळखीच्या एका नद्दाफ कुटुंबाने तीन पिढ्या हेच काम केले. वडील सांगतात, पूर्वी लग्न ठरले की आधी गादीवाल्याला निरोप यायचा. पुढे मुलीकडचे विचारू लागले, फोमची आहे का? कापसाच्या गादीत काय वाईट आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. फोमच्या गादीत काय चांगले आहे, हे मात्र त्यांना रोज रात्री सांगितले जात होते. एका बाजूचा वकील रोज बोलतो आणि दुसऱ्या बाजूला वकीलच नाही, असा खटला कोण जिंकणार?

त्या कुटुंबातील धाकटा मुलगा टी.व्ही. दुरुस्तीच्या कामाला लागला. बापाचा धंदा ज्या यंत्राने खाल्ला, त्याच यंत्राने मुलाला वीस वर्षे पोसले. आज तोही रिकामा आहे. पातळ पडद्याच्या संचात पॅनेल गेले तर दुरुस्तीचा खर्च नव्या संचाच्या जवळ जातो, आणि गिऱ्हाईक नवा संचच घेते. थाळीवाल्या कंपन्या थेट घरावर आल्या, तसा केबलवालाही मोडला. २०१२ ते २०१७ या काळात केबल टप्प्याटप्प्याने डिजिटल झाली. सेट टॉप बॉक्स आणि सिग्नल मोठ्या कंपन्यांचा झाला, आणि मोहल्ल्यातला मालक त्यांचा वसुली करणारा माणूस झाला. दूरदर्शननेही मार्च २०२२ पर्यंत देशातील जवळजवळ सगळी जुनी ॲनालॉग केंद्रे बंद केली. बांबूवरचा अँटेना आता भंगारात सापडतो.

दोष कोणाचा?

आमच्यात अशा वेळी लगेच म्हटले जाते की मोठ्या लोकांनी मिळून आपला धंदा बुडवला. आम्हाला हे पटत नाही. कोणी बसून परभणीच्या बेकरीवाल्याविरुद्ध कट केला नव्हता. जे झाले ते एका साध्या गणिताने झाले, आणि ते गणित समजून घेणे कट शोधण्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

समजा, परभणीतील एका बेकरीचा माल जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत जातो. तिच्या मालकाला वाटले की टी.व्ही.वर जाहिरात द्यावी. राष्ट्रीय वाहिनीवर दहा सेकंद घेतले तर ते काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत दिसणार. पैसे कोट्यवधी डोळ्यांचे द्यायचे, आणि माल घेऊ शकणार फक्त आपला जिल्हा. मोठी कंपनी तेच पैसे देते, पण ती देशभर कोट्यवधी पुडे विकते. तिला जाहिरात पुड्यामागे एखाददोन पैशांना पडते; आपल्याला ती पावाच्या किमतीपेक्षाही महाग पडेल. म्हणून राष्ट्रीय टी.व्ही. हा जन्मतःच राष्ट्रीय मालाचा भोंगा आहे. त्यात कोणाचा धर्म नाही, जात नाही. जिंतूरच्या तेल्याचे आणि सेलूच्या साळ्याचेही तेच झाले.

पण गणित समजणारा लहान माणूसही त्यातून वाट काढतो, हेही खरे आहे. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी १९६९ साली घरी धुण्याची पावडर बनवून सायकलवरून विकायला सुरुवात केली. तिला मुलीच्या नावावरून निरमा हे नाव दिले, आणि पुढे रेडिओ व टी.व्ही.च्या जाहिरातीने परदेशी कंपनीला घाम फोडला. आपल्याच समाजाचे उदाहरण हवे असेल तर हकीम अब्दुल मजीद यांचे घ्या. त्यांनी १९०६ साली दिल्लीत हमदर्द दवाखाना सुरू केला आणि थोड्याच काळात रूह अफजा बाजारात आणले. टी.व्ही. तर सोडाच, तेव्हा देशात रेडिओही नव्हता. पण बाटलीला नाव होते, चिठ्ठी होती, आणि प्रत्येक बाटलीची चव एकच होती. १९४८ साली ती संस्था वक्फ झाली. नाव ही किती मोठी मालमत्ता असते, हे यावरून दिसते. आपल्या भट्टीवाल्यांकडे हात होता, चव होती, गिऱ्हाईकही होते. नाव तेवढे नव्हते.

आणि नुसते नाव आणि जाहिरात असून भागत नाही, याचेही उदाहरण आपल्या शेजारीच आहे. ज्या व्हिडिओकॉनचे नाव प्रत्येक घराने ऐकले होते, ती कंपनी कर्जाच्या डोंगराखाली २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. हिशेबाच्या वहीला जाहिरात हा पर्याय नाही.

हातात आलेली संधी

एक काळ असा होता की टी.व्ही. खरोखर आपल्या हातात आला होता. केबलवाल्याच्या स्वतःच्या चॅनेलवर खाली सरकणारी पट्टी असायची : अमुक दुकानात ईदनिमित्त कपड्यांचा नवा माल, तमुक डॉक्टर शुक्रवारी येतील. ही जाहिरात फक्त आपल्या गावात दिसे, म्हणून ती आपल्या खिशाला परवडे. गणित प्रथमच आपल्या बाजूने होते. पण आपण काय केले? रमजानमध्ये महिनाभर पट्टी लावली आणि अकरा महिने विसरलो. केबल चालवणाऱ्या आपल्याच पोराला आपण कधी विचारले नाही की बाबा, तुझ्या चॅनेलवर आपल्या गादीवाल्याचे काम पाच मिनिटे दाखवशील का? कापूस कसा पिंजतात, गादी किती वर्षे टिकते, पुन्हा पिंजून कशी नवी होते, हे दाखवायला काही लाख रुपये लागत नव्हते. एक कॅमेरा लागत होता, आणि तो लग्नाची शूटिंग करणाऱ्या प्रत्येकाकडे होता. डिजिटल केबल आणि थाळी आल्यावर ते दार बंद झाले.

सरकारी टी.व्ही.कडून आपण काय मागावे

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये सांगितले की आकाशातील लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला आणि १९९७ साली अमलात आला. त्या कायद्यात या संस्थेची कर्तव्ये लिहिलेली आहेत. श्रमिक वर्गाच्या हक्कांचे रक्षण, ग्रामीण आणि दुर्बल घटकांची व मागास भागांची सेवा, अल्पसंख्याकांच्या विशेष गरजा ध्यानात घेऊन कार्यक्रम, हे सगळे त्यात आहे. शेतकऱ्यांना 'आमची माती, आमची माणसं' मिळाले, ही चांगली गोष्ट झाली. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे संशोधन त्यामुळे बांधापर्यंत जायला मदत झाली. मग कारागिराला तसे काही का मिळाले नाही? उत्तर कडू आहे. शेतकऱ्याच्या बाजूने बोलणारे खूप होते. कारागिरासाठी कोणी मागितलेच नाही, आपणही नाही.

आमची मागणी साधी आहे. सह्याद्री वाहिनीने आठवड्यातून अर्धा तास महाराष्ट्रातील हस्तव्यवसायांना द्यावा, आणि परभणीच्या आकाशवाणी केंद्राने जिल्ह्यातील लहान व्यापाऱ्यांसाठी परवडणाऱ्या दरात वेळ राखून ठेवावी. डी.डी. फ्री डिश महिन्याच्या वर्गणीशिवाय दिसते, आणि ती चार कोटींहून अधिक घरांत असल्याचा अंदाज आहे. ही घरे गरिबांची आहेत, म्हणजे आपल्याच गिऱ्हाइकांची. तेथे जागा मागण्याचा हक्क मोठ्या कंपन्यांइतकाच आपलाही आहे. व्यापारी संघटनांनी, मग त्या कोणत्याही समाजाच्या असोत, मिळून असे निवेदन दिले तर त्याला वजन येईल.

आता काय करावे

निवेदनाची वाट पाहत बसावे असे आम्ही म्हणत नाही. आपल्या हातातल्या चार गोष्टी आहेत.

पहिली, मालाला नाव द्या. पुड्यावर नाव, वजन, किंमत, तारीख आणि पत्ता छापा. नाव नोंदवून घ्या. व्यक्ती आणि लघुउद्योग यांना ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज एका वर्गासाठी ४,५०० रुपयांत करता येतो, आणि नोंदणी दहा वर्षे चालून पुढे वाढवता येते. एका उरुसात भाड्याने घेतलेल्या जागेला यापेक्षा जास्त खर्च होतो.

दुसरी, फोनचे गणित ओळखा. टी.व्ही.वर जाहिरात करायची तर सगळा देश विकत घ्यावा लागे. फोनवरची जाहिरात फक्त परभणी शहरापुरती, फक्त मानवत तालुक्यापुरती देता येते. केबलच्या पट्टीने जे दार उघडले होते, तेच येथे पुन्हा उघडले आहे. या वेळी ते बंद होईपर्यंत थांबू नका. आणि हे काम करायला मोठ्या शहरातला माणूस लागत नाही, घरातल्या मुलाला किंवा मुलीला ते येते. ज्या मुलीला आपण फोनपासून दूर ठेवतो, तीच कदाचित बापाच्या भट्टीची जाहिरात सर्वांत चांगली करील.

तिसरी, एकट्याने नव्हे, बाजाराने मिळून करा. दहा गादीवाल्यांनी दहा वेगळी नावे घेण्यापेक्षा परभणीची कापसाची गादी हे एकच नाव पुढे आणले तर खर्च दहाव्या हिश्श्याला येतो. फोमवाल्या कंपन्यांकडे पैसा आहे. आपल्याकडे कापूस आणि हुन्नर आहे.

चौथी, दुरुस्तीवाल्या बंधूंसाठी. संच दुरुस्त करणारा हात निकामी झालेला नाही, त्याचे काम बदलले आहे. कॅमेरे बसवणे, सौर पॅनेलची जोडणी, इन्व्हर्टर, फ्री डिशची थाळी, या सगळ्याला तेच मीटर आणि तीच कावीळ न होणारी नजर लागते. उस्तादांनी शागिर्दांना आता हे शिकवावे.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. पैगंबर (स.) एकदा बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आत बोटांना ओल लागली. भिजलेला माल वर का ठेवला नाही, म्हणजे लोकांना दिसला असता, असे त्यांनी त्या व्यापाऱ्याला विचारले. आजची बहुतेक जाहिरात म्हणजे वर पसरलेले कोरडे धान्य आहे. आपण जाहिरात करायला शिकलेच पाहिजे, पण ढिगात आत हात घातला तरी ओल लागू नये, अशी ती असावी. टी.व्ही.वरचे नाव गिऱ्हाइकाला ओळखत नाही. आपण त्याला ओळखतो, त्याच्या बापाला ओळखत होतो, आणि माल खराब निघाला तर तो उद्या सकाळी आपल्याच दुकानाच्या पायरीवर उभा राहणार आहे. ही पायरी कोणत्याही कंपनीकडे नाही.

अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो आणि वेळ असताना हिशेब मांडण्याची समज देवो. आमीन.